आक्काची गाडी आणि पितळी घंटा

मी घंटेची दोरी ओढली आणि अख्ख्या शोरूमनं टाळ्या वाजवल्या.

सांगली-मिरज रस्त्यावरचं ते मोठं काचेचं शोरूम. दारातच गणपती आणि त्याच्या डोक्यावर ही पितळी घंटा. तिथली पद्धत अशी की गिऱ्हाइकाला गाडीची चावी मिळाली की घंटा वाजवायची, मग तिथला सगळा स्टाफ हातातलं काम टाकून टाळ्या वाजवणार आणि 'अभिनंदन' म्हणणार. मी सकाळपासून बसून बघत होतो. कुणी मान वर करून बघतसुद्धा नव्हतं की गाडी कुणाला मिळाली. कॅशियरबाई तर कानाला फोन लावून एका हातानं टेबलावर थापट्या मारायच्या. म्हटलं, बघू तरी.

आमचा सेल्समन धावत आला. हृषीकेश नावाचं पोरगं, टाय एवढा घट्ट की बोलताना मान वळायची नाही.

"कुणाची डिलिव्हरी झाली, सर?"

"कुणाची नाही. गणपती दिसला, नमस्कार केला. घंटा दिसली, वाजवली."

"सर, ती डिलिव्हरीची घंटा आहे."

"मग करा की डिलिव्हरी. घंटेचं काम झालंय."

शालनआक्कानं माझा शर्ट मागून ओढला. "मुकुंदा, गप बस. बाहेर काढतील."

"काढू दे की. गाडी काढंनात, आपल्याला तरी काढू देत."

शालनआक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं हळद-मसाल्याचं कांडप आहे गावभागात. माझा मांडव आणि स्पीकरचा धंदा. घरात दोघंच भावंडं. शहाणपण तिच्याकडं गेलं आणि उरलेलं माझ्याकडं आलं. त्या दिवशी दसरा होता. आक्का हिरवं इरकल नेसून, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत नारळ, लिंबं, झेंडूचा हार, हळदी-कुंकवाची डबी, आणि सगळ्याच्या वर घडी घातलेलं बाळाचं दुपटं.

ते दुपटं महत्त्वाचं. मिरजेच्या दवाखान्यात आक्काची सून तेजस्विनी बाळंत झाली होती. मुलगी. त्या दिवशी बारा वाजता तिला घरी सोडणार होते. आणि आक्कानं महिनाभर आधीपासून गल्लीला सांगून ठेवलं होतं, "माझं नातवंड माझ्या गाडीतनं घरी येणार. आणि गाडी मी चालवणार." त्यासाठी ती पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकली. शिकवणारा मास्तर दोनदा रजेवर गेला, पण तिनं लायसन काढलंच. गाडीचे सगळे पैसे भरून झाले होते. 'दसऱ्याला सकाळी नऊला या, मॅडम, गाडी दारात उभी असेल,' असं ह्याच हृषीकेशनं सांगितलेलं.

दारात गाड्या होत्या, पण त्या एका पुढाऱ्याच्या. एकदम चार-पाच घेतल्या होत्या त्यानं, हार घालून ओळीनं उभ्या. त्याची माणसं फोटो काढत होती, आणि शोरूमचे मॅनेजर बागलसाहेब प्रत्येक फोटोत होते.

"दहा मिनिटं, सर," हृषीकेश मला म्हणाला. "गाडी वॉशिंगला आहे."

"नवी गाडी धुवायला एवढा वेळ?"

"सर, प्रोसिजर असते. आणि सीट कव्हर बेज कलरचं टाकलंय, चालेल ना, सर?"

आता हा इसम सकाळपासून एक शब्द आक्काशी बोलला नव्हता. चेक तिचा, सही तिची, लायसन तिचं, आणि सगळं 'सर, सर' माझ्याकडं बघून. माझ्यातला किडा वळवळला.

"मला काय विचारता?" म्हटलं. "मी ड्रायव्हर आहे मॅडमचा."

त्यानं आक्काकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत मलाच म्हणाला, "मग तुम्हीच सांगा ना, मॅडमना बेज चालेल का?"

"मॅडमला कान आहेत," आक्का म्हणाली.

तो हसला, मान हलवली, आणि मला म्हणाला, "बेज फायनल करतो, सर."

वॉशिंग संपलं तर नंबर प्लेट बसेना. नंबर प्लेट बसली तर बागलसाहेबांची सही राहिली. सही घ्यायला जावं तर बागलसाहेब फोटोत. मशिनचा चहा आला, त्याला चहाचा नुसता रंग होता. मध्येच हृषीकेश येऊन खुर्ची ओढून माझ्या कानाशी लागला.

"सर, एक रिक्वेस्ट होती. तुम्हाला कंपनीतून फोन येईल. सर्व्हिस कशी वाटली विचारतील. दहापैकी दहा द्या, सर. नऊ दिले तरी आमचा पगार कापतात."

"गाडी दिली का तुम्ही?"

"देतोय ना, सर."

"मग मी पण देतोय. दहा मिनिटं थांबा. प्रोसिजर असते."

आक्काचा फोन वाजला. तिचा पोरगा, प्रवीण. फोन तिनं धरला तरी त्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"आई, निघालात का? नर्स म्हणतीय बेड रिकामा करा."

"निघतोयच."

"मी रिक्षा बोलवू का? बाळ रडायलंय."

"रिक्षा बोलवायची नाही," आक्का म्हणाली. "मी येतीय म्हटलंय ना." आणि फोन पिशवीत टाकून दुपट्याची घडी परत नीट केली. ती आधीच नीट होती.

मग मात्र मी उठलो. बागलसाहेबांच्या पुढच्या फोटोत, ते आणि पुढारी यांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि दोघांच्या खांद्यावर हात टाकला. फोटो निघाला. पुढाऱ्याला वाटलं मी शोरूमचा मालक, बागलसाहेबांना वाटलं मी पुढाऱ्याचा माणूस. दोघं हसले. दुसऱ्या फोटोलाही मी तिथंच. तिसऱ्याला बागलसाहेबांनी हळूच विचारलं, "आपण?"

"मोहितेबाईंचा ड्रायव्हर. पांढरी गाडी. सकाळपासून धुताय तुम्ही."

पाच मिनिटांत गाडी आली.

पांढरीशुभ्र, चकाचक, लाल रिबीन बांधलेली. आक्का उठली तेव्हा तिचा चेहरा बघायला पाहिजे होता. बसून बसून कंटाळलेली बाई, एकदम पोरीसारखी झाली. पदर खोचला, डबी काढली, बॉनेटवर हळदीचं बोट टेकवणार, आणि थांबली.

बोट तसंच हवेत. वाकून बघायला लागली. मग बॉनेट आणि पुढच्या जाळीच्या मधल्या फटीत तिनं नख घातलं आणि ते नख माझ्यासमोर धरलं. नखात लालसर काहीतरी.

"मुकुंदा," ती हळू म्हणाली, "हिला आधी कुणीतरी ओवाळलंय."

"काय?"

"हळद आहे ही. साबणानं धुतली की लाल होते. धुणं धुतलेल्या कुठल्याही बाईला विचार."

मी वाकलो. फटीत सगळीकडं लाल रेघ. वायपरच्या खाली दोन तांदळाचे दाणे. पुढच्या चाकाच्या खाचेत लिंबाची साल, वाळून काळी पडलेली. मी दार उघडून सीटपुढचं पायाखालचं रबर उचललं, तर खाली झेंडूची पाकळी. तीही वाळलेली. आमचा झेंडू अजून पिशवीत होता.

"हृषीकेश," मी हाक मारली. "ही कुणाची पूजा?"

त्याचा चेहरा उतरला. "सर, ते... शोरूमची असेल."

"शोरूम पूजा करतं आणि मग साबण लावून घासतं?"

बागलसाहेब आले. त्यांनी चष्मा पुढं घेऊन फटीत बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "हा प्रायमर आहे, मॅडम. पेंटच्या खालचा थर. सगळ्याच नव्या गाड्यांना असतो."

आक्का त्यांच्याकडं बघत राहिली. "साहेब, माझं हळदीचं कांडप आहे. तीस वर्षं माझ्या अंगाला दुसरा वास नाही. सांगलीत उभं राहून तुम्ही मला हळद म्हणजे प्रायमर सांगताय?"

बागलसाहेबांनी चष्मा मागं सरकवला. इकडं-तिकडं बघून आवाज खाली आणला. गणपतीत एका गिऱ्हाइकानं गाडी नेली होती. घरी पूजा झाली, आणि मग त्याचं कर्जच मंजूर झालं नाही. गाडी परत आली. "चार पावलं चालली असेल, मॅडम. कागदोपत्री एकदम नवीन. तुम्ही पहिल्याच मालक."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घेतली असती का?" ते म्हणाले. खरंच असं म्हणाले, हसून. "हे बघा, मॅडम. ही घ्या, आत्ता घेऊन जा. नको असेल तर बुकिंग पुढं टाकतो. पण दसरा-दिवाळीचा माल संपलाय. दुसरी गाडी दिवाळीनंतर."

फोन परत वाजला. आक्कानं उचलला नाही. बारा वाजून गेले होते. ती गाडीकडं बघत होती, आणि मला तिचा चेहरा वाचता येत होता. बारकं पोर दुकानातून फुटकं खेळणं का होईना, पण घरी न्यायचं म्हणतं, तसा.

"घेऊ या का रे हीच?" ती मला म्हणाली. "पोरगी वाट बघतीय तिकडं. कुणाला काय कळणारंय."

तिथं माझं डोकं सरकलं. ही बाई मिरचीच्या व्यापाऱ्याला देठ जास्त आहेत म्हणून पोतं परत पाठवते. तिला यांनी 'कुणाला काय कळणारंय' म्हणायला लावलं.

"आक्का, दोन मिनिटं बस," म्हटलं, आणि आत गेलो.

घंटेची दोरी धरली आणि वाजवली. एकदा नाही. आरतीला वाजवतात तशी. स्टाफनं टाळ्या सुरू केल्या आणि त्यांना कळेना थांबायचं कधी. सोफ्यावरची सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली. दसरा होता, तीस-चाळीस माणसं सहज असतील. मला स्पीकर लागत नाही, आवाज धंद्यानं दिलाय.

"मंडळी, आनंदाची बातमी आहे. ह्या शोरूममध्ये पूजा करायला लागत नाही. आमच्या गाडीची त्यांनी आधीच करून ठेवलेली निघाली. गणपतीतच. दुसऱ्या एका कुटुंबाकडून. तुमचं नशीब असेल तर तुमच्याही गाडीची झाली असेल. बॉनेटच्या फटीत लाल रेघ दिसते का बघा, पायातलं रबर उचलून बघा. फुलं निघाली तर घरी देवाला वाहा."

एवढंच बोललो. खोटं एक अक्षर नाही.

मग जे झालं ते मी मेल्यावरही विसरणार नाही. तासगावची एक काकू पहिली उठली, नवऱ्याला म्हणाली, "चला ओ," आणि गाडीत अर्धी शिरून रबरं बाहेर फेकायला लागली. एक फेटेवाले आजोबा गाडीखाली झोपले आणि खालून ओरडून नातवाला बॅटरी मागायला लागले. दोन बायका एका बॉनेटवर वाकून, 'हे कुंकू आहे का गंज' यावर भांडत होत्या. पुढाऱ्याच्या गाड्यांपाशी त्याची बायको डोक्यावरचा पदर सावरत फटीत नख घालून बघत होती. हळद पुसलेली गाडी आमचीच तेवढी होती बहुतेक. पण बघायला तर प्रत्येकजण लागला, आणि चावी घ्यायला कोणीच पुढं येईना. घंटा एकदम मुकी झाली.

बागलसाहेब माझ्याकडं आले. कपाळावर घाम.

"साहेब, तुम्हाला काय पाहिजे ते बोला. इथं नको, केबिनमध्ये बसू."

"मला काय बोलायचंय? मी ड्रायव्हर." मी बोट दाखवलं. "मालकीण तिथं बसलीय."

त्या दिवशी पहिल्यांदा शोरूममधला कोणी माणूस काय पाहिजे ते विचारायला आक्कासमोर जाऊन उभा राहिला. हृषीकेशही मागं मागं गेला.

"मॅडम, तुम्ही सांगा," बागलसाहेब म्हणाले.

आक्कानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "नवी गाडी कधी?"

"पुण्याहून मागवतो. सोमवारी."

"कुणीही न ओवाळलेली."

"हो, मॅडम."

"धुऊ नका. धुळीची असू दे. तशीच आणा."

"आणतो."

"आणि आत्ताचं काय? माझी नात दवाखान्याच्या दारात आहे."

"आमची गाडी सोडतो ना, ड्रायव्हरसकट. एसी लावून..."

"मी चालवणार," आक्का म्हणाली. मग मान वळवून फाटकाकडं बघितलं. तिथं एक गाडी उभी होती. तीच कंपनी, तसलीच गाडी, फक्त रंग भडक निळा, आणि दोन्ही बाजूंना हातभर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: टेस्ट ड्राइव्ह. "ती द्या."

"मॅडम, ती टेस्ट ड्राइव्हची आहे."

"मग टेस्टच घेते की. मिरजेपर्यंत, आणि तिथनं घरापर्यंत."

"नियम आहे, मॅडम, आमचा माणूस बरोबर लागतो."

"या की मग," ती हृषीकेशला म्हणाली. "मागं बसा. पिशवी धरा."

जाताना ती दारात थांबली. चपला काढल्या, गणपतीला हात जोडले आणि घंटा वाजवली, एकदाच, बेतानं. आणि सवयीनं सगळ्या स्टाफनं टाळ्या वाजवल्या. कॅशियरबाईंनी ह्या वेळी फोन खाली ठेवला होता. नुसते बागलसाहेबच हात बांधून उभे राहिले.

गाडी फाटकातच बंद पडली. मी तोंड उघडणार, एवढ्यात आक्का म्हणाली, "एक शब्द बोलशील तर उतरवीन." परत चालू केली. रस्त्याला लागली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरून की जसं काय ते कोणी ओढून नेणार आहे. मी शेजारी, हृषीकेश मागं पिशवी मांडीवर घेऊन. मागच्या बसवाल्यानं हॉर्नचा धडाका लावला. आक्का म्हणाली, "वाजव बाबा. तुझ्याकडं कुठं घंटा आहे."

विश्रामबाग मागं पडलं. हृषीकेशनं मागनं घसा खाकरला. त्या दिवशी पहिल्यांदाच आक्काशी बोलत होता म्हणून थोडा चाचरला.

"मॅडम, रागावू नका. पण रिक्षानं बाळ आधीच घरी पोचलं असतं. एवढं कशासाठी?"

आक्कानं दोनदा गिअर बदलला. मला वाटलं गिअरमध्ये लक्ष आहे.

"प्रवीण झाला ना, तो ह्याच दवाखान्यात," मग ती म्हणाली, रस्त्याकडं बघतच. "आमच्या घरी तेव्हा जीप होती. सासरे म्हणाले होते, सोडायच्या दिवशी जीप पाठवतो. मी पोराला गुंडाळून पायरीवर बसले सकाळी. दुपार झाली. जीप पाहुण्यांना आणायला गेली होती म्हणे, जत्रेला. प्रवीणचे वडील जीपबरोबरच गेले होते. शेवटी वडापच्या, माणसं कोंबून नेतात तसल्या गाडीनं आले. मागच्या फळीवर बसून. शेजारच्या माणसाच्या हातात कोंबड्या होत्या, त्या पोराच्या तोंडावर फडफडायच्या. मी सगळ्या रस्त्यानं त्याच्यावर वाकून बसले होते."

ती थांबली. पुढं एक ट्रॅक्टर आला होता, त्याला जाऊ दिलं.

"घरी गेले तर जीप दारातच उभी. धुऊन."

मी तिचा सख्खा भाऊ. ही गोष्ट मी तोवर कधी ऐकलेली नव्हती. प्रवीण झाला तेव्हा मी शाळेत होतो, बारशाला पेढे खाऊन आलो होतो.   मी खिडकीची काच खाली केली, परत वर केली.

हृषीकेशनं टाय सैल केला.

दवाखान्याच्या पायरीवर प्रवीण येरझाऱ्या घालत होता. तेजस्विनी खुर्चीत, मांडीवर बाळ. निळी गाडी समोर येऊन उभी राहिली, थोडी तिरकी, अर्धी रिक्षावाल्यांच्या जागेत. प्रवीणनं गाडीवरची अक्षरं वाचली, मग आईकडं बघितलं.

"आई, हे काय आहे?"

"गाडी," आक्का म्हणाली. "बस."

तेजस्विनी हसायला लागली आणि टाके दुखतात म्हणून हसू दाबायला लागली. मी काही करायच्या आत हृषीकेश उतरला होता. त्यानं मागचं दार उघडलं, पिशवीतलं दुपटं काढून आक्काच्या हातात दिलं आणि तिला विचारलं, "मॅडम, एसी किती ठेवू? बाळाला चालेल का?"

"बंद ठेव," आक्का म्हणाली. "काच थोडी उघडी असू दे."

सगळी मागं दाटीनं बसली. मी पुढच्या सीटवर हृषीकेशला घेतलं, अर्ध्या अर्ध्या जागेत. आक्कानं गाडी बैलगाडीपेक्षा जरा जोरात चालवली. मिरजेपासून गावभागापर्यंत एकही खड्डा तिनं लागू दिला नाही. मागनं हॉर्न वाजत राहिले, ती ढिम्म.

ती पोरगी आता सातवीत आहे. मी तिला टेस्ट ड्राइव्ह म्हणूनच हाक मारतो, आणि ती चिडते. आक्काची पांढरी गाडी सोमवारी खरंच आली, धुळीनं भरलेली, आणि अजून चालते. कंपनीचा फोनही आला होता. दहापैकी किती, विचारत होते. आक्कानं विचारलं, "कुणाला? शोरूमला का त्या पोराला?" त्यांच्याकडं असं वेगवेगळं विचारायची सोय नव्हती. मग तिनं फोन ठेवून दिला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी गाडी आक्काच्या दारात थांबली, गल्ली गोळा झाली. शेजारच्या काकूंनी भाकर-तुकडा ओवाळून टाकला, तेजस्विनीच्या पायावर पाणी घातलं, बाळ आत गेलं. आक्का मात्र बाहेरच. पिशवीतून नारळ काढला, उंबऱ्यापाशी फोडला. झेंडूचा हार त्या निळ्या गाडीला घातला. डबी उघडून बॉनेटवर हळद लावली, चांगली बोटभर, वर कुंकू. चाकाखाली लिंबू ठेवून हृषीकेशला म्हणाली, "जा आता. साहेब वाट बघत असतील."

तो स्टिअरिंगवर बसला. चाकाखाली लिंबू फुटलं. मग काच खाली करून त्यानं बॉनेटकडं बघितलं.

"मॅडम, ही हळद शोरूममध्ये गेल्यावर पुसावी लागेल. साहेब बोलतील."

"पूस की," आक्का म्हणाली. "पण साबण लावू नको."